गाढवांचं वचन

कंपनीतल्या बायका मला चिडवतात, "तुमच्यात बरंय बाई, देव लेखी वचन देतो." त्यांचं काही चुकत नाही. चारचौघांत वचन म्हणजे दिलेला शब्द. आम्हा ख्रिस्ती माणसांत मात्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, कुठल्याही ओळीला वचनच म्हणतात. "आजचं वचन काय?" म्हणजे आज कुठली ओळ वाचायची. लहानपणापासून मी हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरत आले आणि त्यात घोळ होऊ शकतो हे माझ्या ध्यानातही आलं नाही. घोळ झाला तो मागच्या वर्षी, आणि त्यात गाढवं होती.

आमचं देऊळ छावणीच्या बाजूला आहे. चर्चला आम्ही घरात देऊळच म्हणतो. एक जानेवारीच्या सकाळी उपासना संपली की पुढच्या टेबलावर एक स्टीलचा डबा ठेवतात. त्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात. रांगेनं जायचं, डोळे मिटून हात घालायचा आणि एक चिठ्ठी उचलायची. ते तुमचं वर्षभराचं वचन. चिठ्ठीवर ओळ लिहिलेली नसते, नुसता पत्ता असतो: कुठलं पुस्तक, कितवा अध्याय, कितवी ओळ. घरी येऊन शास्त्र उघडायचं, ओळ शोधायची, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची आणि मगच नाश्त्याला बसायचं.

या चिठ्ठ्या माझी आई लिहायची. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. तिनं फळ्यावर लिहिलेला सुविचार पुसायला मुलं तयार नसायची, असं तिचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. डिसेंबर उजाडला की ती कागदाच्या पट्ट्या कापायला घ्यायची. समोर शास्त्र लागायचं नाही. देवानं माणसाला दिलेली शे-सव्वाशे आश्वासनं तिला पत्त्यासकट पाठ होती. भिऊ नको सांगणारं, एकटं सोडणार नाही सांगणारं, तहानलेल्याला पाणी देईन सांगणारं. चाळीस वर्षं आमच्या मंडळीनं, म्हणजे देवळातल्या सगळ्या सभासदांनी, तिच्या हातची वचनं उचलली.

दहा वर्षांची असताना मला म्हातारपणाचं वचन निघालं होतं. केस पिकेपर्यंत तुला मीच उचलून नेईन, अशा अर्थाचं. माझ्या भावाला सिंहांच्या तोंडातून सोडवणारं निघालं! माझ्या चिठ्ठीवरचा पत्ता मी तिथंच ओळखला होता, कारण घरात आईनं तो माझ्यासमोरच लिहिला होता. मी ती चिठ्ठी गुपचूप डब्यात परत टाकली आणि दुसरीला हात घातला. आईनं रांगेतच माझं मनगट धरलं. "हाती लागली ती आपली," ती म्हणाली. "परत टाकायची नाय. देव काय बाजार हाय व्हय, हे नको ते दे म्हणायला?" तिनं डब्यात हात घालून वरचीच चिठ्ठी काढून माझ्या हातात कोंबली. माझीच होती. मी वर्षभर ते म्हातारपण वागवलं.

तीन वर्षांपूर्वी आईच्या डोळ्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. उशिरा कळलं. क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू. आईनं एकच विचारलं, "लिहिता येईल का?" डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना आता आराम करू द्या." माझं डोकं फिरलं. "प्रश्न त्यांनी विचारलाय, उत्तर त्यांना द्या," मी म्हणाले. मग ते आईकडे वळले आणि जरा नरमून म्हणाले, "दिसतंय तोवर लिहा."

बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत त्यानंतर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. सांत्वन करणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग आहे, आणि आमच्यातले तर सांत्वनाला शास्त्राचा आधार घेऊन येतात. एक म्हणाले, प्रभूची मर्जी. दुसरे, लांबून ओळखीचे एक बंधू, चहा घेता घेता म्हणाले, "बाई, वचन तर पक्कं असतं. आपलाच विश्वास कुठंतरी कमी पडला असेल." मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा उरला होता. ते गेल्यावर आई रागावली, "पाहुण्याच्या हातातला चहा काढत्यात व्हय गं?" पण बोलता बोलता तिला हसू आवरेना.

देवाच्या हातात कप नव्हता, नाहीतर तोही मी काढून घेतला असता. जिनं चाळीस वर्षं तुझी आश्वासनं वाटली, तिचेच डोळे? दुसरं कुणी नाही सापडलं? हे मी रोज विचारायचे. कंपनीच्या बसमध्ये विचारायचे, पोळ्या लाटताना विचारायचे. देऊळ मात्र सोडलं नाही. पुढच्या बाकावर बसून भांडायचे. ज्याच्याशी भांडायचं त्याच्या घरी जाऊन भांडावं, पाठीमागं कुरकुर करणं माझ्या स्वभावात नाही.

मागच्या वर्षीच्या जानेवारीसाठी आईनं चिठ्ठ्या लिहिल्या तेव्हा तिला डाव्या डोळ्यानं अंधूक दिसत होतं, उजव्यानं जवळजवळ नाहीच. तिचा एक आणि तिचा नऊ यांत फरक राहिला नव्हता, आणि हे तिला दिसत नव्हतं. मलाही दिसलं नाही, कारण मी बघितलंच नाही. एक तारखेला आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच फोन सुरू झाले. एका घरात भिंतीला लागलेल्या बुरशीचे नियम निघाले होते. त्यांच्या भाड्याच्या घराला खरोखरच ओल होती, त्यामुळे त्यांना ते फार लागू पडलं आणि त्यांनी घरमालकालाही वाचून दाखवलं. मंडळीच्या सेक्रेटरीसाहेबांना अमक्याला तमका झाला आणि तमक्याला फलाणा झाला, अशी वंशावळ निघाली. आणि एका कुटुंबाला निघाली जनावरांची मोजदाद. परागंदा झालेली माणसं आपल्या गावी परतली तेव्हा त्यांच्याबरोबर उंट किती होते आणि गाढवं किती होती, बस्स, एवढीच ती ओळ.

मी हसले. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले. मग आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. "कुणाला गाढवं निघाली?" तिनं विचारलं. मी नाव सांगितलं. वाळूजमध्ये वॉचमनचं काम करणारा आमच्या मंडळीतला माणूस, गावाकडं मेंढरं राखणाऱ्या घरातला. आईनं उठून पेन कपाटात ठेवलं आणि दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. इतकं गप्प मी तिला बाबा गेले तेव्हाही बघितलं नव्हतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात देवळाच्या पंचांची बैठक लागली. उपासनेनंतर, देवळातच, सगळ्यांसमोर. सेक्रेटरीसाहेब भला माणूस आहे, उगाच वाईट म्हणणार नाही. त्यांनी औरंगपुऱ्यातल्या छापखान्यातून नमुने आणले होते. गुळगुळीत कार्डं, पूर्ण ओळ छापलेली, मागे धबधब्याचं चित्र. आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आणि हातात धबधबा! ते म्हणाले, "बाईंनी खूप सेवा केली. आता त्यांना विश्रांती देऊ. मागच्या वेळी काही घरांना वचनच मिळालं नाही, हेही खरं आहे."

आई माझ्या शेजारी बसली होती. येताना रिक्षात ती मला एवढंच म्हणाली होती, "एक वर्ष अजून. पुढच्या वर्षी दिसणार नाय, मग मीच नाय म्हणीन. पण यंदा मला लिहायचंय." इतक्या वर्षांत तिनं देवळाकडं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. आता ती खाली मान घालून पदराचं टोक चाळवत होती.

मी उभी राहिले. "वचनच मिळालं नाही म्हणजे?"

"म्हणजे वंशावळ, बुरशी, गाढवं," ते म्हणाले. "ते काही वचन नव्हे."

"मग काय आहे ते? शास्त्रातल्या कुठल्या ओळीला आपण वचन म्हणत नाही, तेवढं सांगा. तुम्हीच रविवारी पुढे उभे राहून म्हणता, आजचं वचन या अध्यायातलं. त्यात कधी लढाया असतात, कधी शाप असतात. तेव्हा ते वचन, आणि गाढवं आली की वचन नाही?"

कुणीतरी मागे हसलं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, डोळे मिटून बसले, म्हणजे त्यांना पटलं होतं पण बोलायचं नव्हतं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही शब्दात पकडताय." पकडत होतेच मी. दुसरं काय होतं माझ्याकडं पकडायला? पण खरं सांगायचं तर माझा मुद्दा मलाच अर्धा पटलेला होता. गाढवांच्या मोजदादीत आश्वासन कुठलं, हे मला तरी कुठं ठाऊक होतं.

तेव्हा तो वॉचमन उठला. बैठकीत तो कधी बोलत नाही. ड्युटीवरून तसाच आला होता, अंगावर गणवेश होता.

"साहेब, गाढवं मला निघाली व्हती," तो म्हणाला. "पयल्या दिशी मलाबी वाईट वाटलं. बायको म्हणली, लोकान्ला चांगलं चांगलं निघतंय आन आपल्याला हे. पण मग मला माझा बाप आठवला. सांजच्याला मेंढरं वाडग्यात घालताना रोज मोजायचा. एक जरी कमी भरलं तरी भाकर खायचा नाय, माघारी जायचा. आता सांगा, दुसऱ्याची मेंढरं कुणी मोजतं व्हय? आपली असत्यात तीच माणूस मोजतो. यंदा पोरीचं आप्रेशन झालं. लई वाईट दिस काढले. दवाखान्यात मी तेवढीच वळ वाचायचो. ज्यानं गाढवंसुदिक मोजून शास्त्रात लिहून ठिवली, त्यो माझ्या पोरीला इसरंल व्हय? पोरगी आता शाळंत जाती. मला बाईच्या हातचंच वचन पायजे. गाढवं निघाली तर गाढवं."

तो खाली बसला. आईनं मान वर केली आणि आवाजाच्या दिशेनं वळून हात जोडले. दिशा जराशी चुकली, हात खिडकीकडे जोडले गेले. वॉचमन उठून त्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि तिथून त्यानं तिला सलाम केला.

ठरलं असं की कार्डंही छापायची आणि डबाही ठेवायचा, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. एकच अट घातली. सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, "प्रत्येक चिठ्ठी तुम्ही तपासायची. कंपनीत तुम्ही तेच काम करता ना?" मी तेच करते. वाळूजच्या एका कारखान्यात तयार झालेला माल मापात आहे की नाही हे बघणं, आणि नसेल तर लाल क्रेटमध्ये टाकणं. वीस वर्षांत माझ्या हातून खराब माल पुढे गेलेला नाही. "एकही चूक जाणार नाही," मी सांगितलं.

मी पुठ्ठ्याला आडवी खाच कापून दिली, म्हणजे आईचं पेन ओळ सोडणार नाही. जाड काळं पेन आणलं. आणि आकडे नकोत, अक्षरात लिही म्हणाले. एक म्हणजे एक, नऊ म्हणजे नऊ. सकाळी कोवळ्या उन्हात गॅलरीत खुर्ची टाकून ती लिहायची. लिहिताना ओठ हलत असायचे. अक्षर आता मोठं आणि वेडंवाकडं झालं होतं, पहिलीतल्या मुलाच्या पाटीसारखं, पण लागत होतं. दहा झाल्या की दोरा बांधायची. असे बारा गठ्ठे झाले.

रविवारी दुपारी मी तपासायला बसले. चिठ्ठी उघडायची, पत्ता बघायचा, शास्त्रात ओळ शोधायची, वाचायची, घडी घालायची. पहिले दोन गठ्ठे मी कामासारखे उरकले. तिसऱ्यापासून मात्र काम राहिलं नाही. भिऊ नको. मी आहे. पाण्यातून जाशील तेव्हा मी असेन. रडणं थांबेल. एकामागून एक, एकामागून एक. वर्षाला एक वचन घेण्याची सवय असलेल्या माणसाला एकदम शंभर मिळाली तर काय होईल? मी तीन वर्षं भांडत होते आणि समोरचा काय म्हणतोय ते ऐकूनच घेतलं नव्हतं. माझं भांडण मिटलं नाही, अजूनही मिटलेलं नाही. पण भांडता भांडता मला आनंद व्हायला लागला, हे कबूल करते. केस पिकेपर्यंत उचलून नेणारंही त्यात आलं. समोरच्या आरशात माझे पिकलेले केस होते. मी जोरात हसले आणि आतून आईनं विचारलं, "काय झालं गं?"

शेवटच्या गठ्ठ्यात ती चूक सापडली. पत्त्यावर गेले तर ओळ अशी, की अमुक ठिकाणाहून ते निघाले आणि तमुक ठिकाणी त्यांनी तळ दिला. मागे तेच, पुढे तेच. रानातून चाळीस वर्षं फिरलेल्या लोकांच्या मुक्कामांची नुसती यादी. मला वाईट वाटलं, पण शब्द दिला होता. मी ती चिठ्ठी माझ्या ड्रेसच्या खिशात घातली, गठ्ठ्याला दोरा बांधला आणि आईला काही सांगितलं नाही. पुन्हा दोन दिवसांचं गप्प बसणं मला नको होतं.

दिवेलागणीला आई पलंगावर बसून गठ्ठे चाचपत होती. डाव्या डोळ्यानंही आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळत होतं.

"यात नऊच हायत," ती म्हणाली.

"असतील गं दहा."

"मी मोजल्यात. माझी चिठ्ठी मला कळत नाय व्हय? कुठाय दहावी?"

मी खिशातून काढली. "चूक होती, म्हणून बाजूला काढली. मुक्कामांची यादी आहे. इथून निघाले, तिथं तळ दिला. यात आश्वासन कुठंय?"

"चूक नाय ती. मुद्दाम लिहिलीय. अक्षरात लिहिल्यावर चुकीन कशी मी?"

मी शास्त्र उघडून ती ओळ पुन्हा काढली.

"पुढच्या ओळीत काय हाय?" तिनं विचारलं.

"परत निघाले. दुसरीकडे तळ दिला."

"मग बघ की," ती म्हणाली. "एकेक मुक्काम लई वाईट व्हता त्यांचा. कुठं पाणी नाय, कुठं सावली नाय. पण प्रत्येक मुक्काम लिहून ठेवलाय, आणि प्रत्येकाच्या पुढं निघाले लिहिलंय. तो वॉचमन बोलला ना, तेव्हापासून माझ्या डोक्यात हीच ओळ व्हती. माझ्या डोळ्याचंबी असंच हाय. लोक येऊन रडत्यात, जसं काय इथंच संपलं. मी इथं तळ दिलाय. घर नाय बांधलं."

मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मी चांगला माल लाल क्रेटमध्ये टाकला होता. "गठ्ठा दे," मी म्हणाले, "चिठ्ठी परत त्यात घालते." मी हात पुढे केला आणि तिनं माझं मनगट पकडलं. जिला दिवा लागलाय की नाही हे नीट कळत नव्हतं, तिनं पहिल्या झटक्यात बरोबर पकडलं.

"हाती लागली ती आपली," ती म्हणाली. "परत टाकायची नाय."

"मी उचलली नाही, आई! मी रिजेक्ट केली."

"खिशात कुणी घातली?"

एक जानेवारीला टेबलावर कार्डं होती आणि डबाही होता. बऱ्याच जणांनी दोन्ही घेतलं, वॉचमननं फक्त डब्यात हात घातला. सेक्रेटरीसाहेबांनीही डब्यातूनच उचललं. माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, तुमची राहिली." मी सांगितलं, "माझी आधीच निघालीय."

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी यावेळी आईकडेच बघून सांगितलं, दोन्ही डोळ्यांत आता काही उरलेलं नाही. आईनं त्यांचे आभार मानले. मी आईचा हात धरून तिला बाहेर आणलं, तिथं थांबले असते तर ओरडले असते. परतताना क्रांती चौकात रिक्षा थांबली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"सिग्नल आहे. लाल." माझा आवाज फुटत होता, आणि तिला ते कळू नये म्हणून मी तोंड बाहेर वळवलं, जसं काही तिला तोंड दिसणार होतं.

तिनं हात लांब करून माझा खिसा चाचपला. चिठ्ठी तिथंच होती. मागच्या गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि रिक्षावाल्याच्या आधी आईच म्हणाली, "हिरवा झाला. निघा, भाऊ."